नोंद झाली, गाडी आली नाही: चोपड्याच्या केळीवाल्या ॲपमधल्या लॉगचं प्रकरण

मार्चच्या शेवटी पहिला फोन आला तेव्हा मी जळगावला ऑफिसातच होतो. चोपडा तालुक्यातले एक आप्पा, केळीवाले, वय साठीच्या पुढचं, फोन उचलल्या उचलल्या अहिराणीत सुरू झाले, "भाऊ, मी नोंद करेल शे, मंग तुमनी गाडी काबर नही उनी?" (नोंद केलीय, मग तुमची गाडी का आली नाही?) मी लॅपटॉप उघडला, एरर लॉग (सर्व्हरवर काही बिघडलं की ज्यात आपोआप ओळ लिहिली जाते ती फाईल) बघितला, त्या दिवसाची एकही ओळ नाही, आणि मी त्यांना सांगून टाकलं की आप्पा आमच्याकडे सगळं बरोबर दिसतंय, तुमच्याकडूनच राहिली असेल. हेच वाक्य पुढच्या तीन आठवड्यांत मी बऱ्याच जणांना ऐकवलं आणि ते दर वेळी चूक होतं. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितोय, कारण असली ॲप्स आपल्याकडे आता गावोगावी होताहेत आणि लॉगकडे कुणी लक्ष देत नाही.

आधी ॲप काय होतं ते. शेतकऱ्यांचा एक गट आहे, त्यांच्यासाठी आम्ही दोघांनी मिळून बनवलेलं साधं वेब ॲप. शेतकरी मोबाईल नंबर आणि ओटीपी टाकून आत येतो, गाव, बाग नवतीची (नवी लागवड) की पिलबाग (जुन्या झाडाच्या पिलांवर धरलेली), अंदाजे किती क्विंटल माल निघेल, एवढं भरतो आणि 'नोंद करा' दाबतो. दिवसभराच्या नोंदी रात्री बारा वाजता गोळा होऊन यादी तयार होते, सकाळी सहाला गटाच्या ऑफिसमधला मुलगा ती यादी उघडतो, मजुरांची टोळी आणि आयशर कुठे पाठवायची ते ठरवतो, गाडी निघाली की त्या नोंदीसमोर 'गाडी पाठवली' दाबतो. मागे एकच छोटा सर्व्हर, पुढे येणारी प्रत्येक रिक्वेस्ट घेणारा एनजिनएक्स, मागे ॲपचा कोड चालवणारा नोड, डेटाबेस पोस्टग्रेस. बस.

आता यात एक नोंद चुकली तर काय होतं हे ज्याने केळी लावली नाही त्याला कळणार नाही. एप्रिलमध्ये आपल्याकडे पारा ४३-४४ ला जातो, कटाईला आलेला घड त्या उन्हात थांबत नाही, दोन दिवस गाडी उशिरा आली की माल झाडावरच पिकायला लागतो, मग व्यापारी हात लावून बघतो आणि वापसीचा, म्हणजे नाकारलेल्या मालाचा, भाव सांगतो. वर्षभर पाणी घालून वाढवलेल्या बागेचे पैसे दोन दिवसांत खाली येतात. म्हणजे आमच्यासाठी ती डेटाबेसमधली एक ओळ होती, आप्पांसाठी ती पूर्ण वर्षाची कमाई होती.

तर फोन वाढत गेले तेव्हा आम्ही खरोखर बसलो की आपल्याकडे लॉग म्हणून आहे तरी काय. एनजिनएक्सचा ॲक्सेस लॉग, म्हणजे आलेल्या प्रत्येक रिक्वेस्टची ओळ, होता, पण सर्व्हरच्या उबंटू सिस्टीमवर त्याची रोज नवी फाईल सुरू होते आणि डिफॉल्टने १४ जुन्या फाईलीच राहतात, म्हणजे आप्पांचा पहिला फोन आला त्या दिवसाचा लॉग आम्ही हात लावेपर्यंत पुसलाच गेला होता. दुसरा होता नोडचा एरर लॉग, तो स्वच्छ. आणि तिसरं म्हणजे बनवताना टाकलेल्या आणि काढायच्या राहिलेल्या छापील ओळी, 'इथे आलो', 'आता सेव्ह', अशा, ज्यात वेळ नाही, कोण ते नाही, काही नाही.

इथे पहिली गोष्ट कळली. एरर लॉगमध्ये मशीनला काय दुखलं तेवढंच येतं. सिसलॉग या लॉग लिहायच्या पद्धतीच्या स्टँडर्डमध्ये, २००९ च्या आरएफसी ५४२४ मध्ये, ० ते ७ अशा आठ पायऱ्या दिल्यात, सगळ्यात वर इमर्जन्सी आणि सगळ्यात खाली डीबग, पण शेतकऱ्याने बटण दाबलं आणि काहीच झालं नाही याला त्या आठपैकी कुठलीच पायरी आपोआप लागत नाही, कारण मशीनच्या बाजूने बिघडलेलं काहीच नसतं. माणूस काय करायला गेला आणि त्याचं काम झालं का, हे लिहायचं असेल तर ते आपण मुद्दाम लिहावं लागतं. यालाच ॲप्लिकेशन इव्हेंट म्हणतात आणि आमच्याकडे त्यातला एकही नव्हता.

मग एका रविवारी बसून आम्ही एका नोंदीचा सगळा प्रवास कागदावर काढला. फॉर्म उघडला. बटण दाबलं. तपासणीत अडकलं. सर्व्हरला पोचलं. नोंद जतन झाली. यादीत आली. गाडी पाठवली. सात इव्हेंट, सगळ्यांची नावं घडून गेलेल्या गोष्टीची, कारण लॉग म्हणजे झालेल्या गोष्टीची नोंद. प्रत्येक इव्हेंट म्हणजे जेसनची (नाव आणि किंमत अशा जोड्यांत लिहायचा साचा) एक ओळ, आणि त्यात वेळ, इव्हेंटचं नाव, शेतकऱ्याचा आतला आयडी, सेशनचा (एका बैठकीत ॲप वापरल्याचा) आयडी, ॲपचं व्हर्जन. शिवाय एक रिक्वेस्ट आयडी, तो एनजिनएक्स स्वतःच तयार करून देतो, नोडकडे हेडरमधून पाठवायचा आणि तिथल्या प्रत्येक ओळीत लिहायचा, म्हणजे एका दाबण्याच्या सगळ्या ओळी नंतर एका धाग्यात ओवता येतात. हा धागा नसला तर शंभर माणसांच्या ओळी एकमेकांत मिसळतात आणि कुणाचं काय ते कळत नाही.

पहिले तीन इव्हेंट फोनमध्येच घडतात, सर्व्हरला त्यांचा पत्ताच नसतो. ते ब्राउझरमध्ये साठवून ठेवायचे आणि नेटवर्क मिळालं की पाठवायचे असं केलं, आणि शेतकरी पान सोडून गेला तर ब्राउझरच्या सेंडबीकन या सोयीने, कारण साधी रिक्वेस्ट पान बंद होताना अर्धवट मरू शकते. अजून एक काळजी घेतली, फोनचं घड्याळ पुढेमागे असू शकतं म्हणून प्रत्येक ओळीत फोनची वेळ वेगळी आणि सर्व्हरला मिळाली ती वेळ वेगळी, शिवाय सेशनमधला क्रमांक १, २, ३. क्रम क्रमांकावरून लावायचा, घड्याळावरून नाही.

हे लावलं आणि चौथ्या दिवशी पहिली गोष्ट सापडली. 'बटण दाबलं' होतं पण 'सर्व्हरला पोचलं' नव्हतं अशी सेशन्स बरीच. आम्हाला वाटलं नेटवर्क, सातपुड्याच्या पायथ्याची गावं आहेत, रेंज जाते येते. पण रेंज नसती तर फोनचे इव्हेंट नंतर तरी एकत्र आले असते, हे तर लगेच येत होते. आणि प्रत्येकात 'तपासणीत अडकलं' होतं. एका सेशनमध्ये चार मिनिटांत पाच वेळा बटण दाबलेलं, पाचही वेळा तपासणीत अडकलेलं, फील्ड तेच, क्विंटल. त्या शेतकऱ्याने काय भरलं असेल?

भरलेली किंमत आम्ही लॉगमध्ये लिहीत नव्हतो, लिहायचीही नव्हती, पण पहिल्या अक्षराचा यूनिकोड नंबर (कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक अक्षराला ठरलेला नंबर) लिहायला सुरुवात केली. दुसऱ्याच दिवशी ओळ आली, फील्ड क्विंटल, लांबी २, पहिलं अक्षर २४११. आता यूनिकोडमध्ये इंग्रजी शून्य बसतो ४८ वर आणि आपला मराठी शून्य बसतो २४०६ वर, त्याच्या पुढे ओळीने नऊपर्यंत. २४११ म्हणजे मराठी पाच. त्या माणसाने सरळ मराठीत '५०' लिहिलं होतं! मराठी कीबोर्ड लावलेल्या काही फोनवर आकडे मराठीच येतात आणि आमची जावास्क्रिप्टची तपासणी फक्त इंग्रजी ० ते ९ ओळखत होती. पायथॉनला मराठी पन्नास दिले तर तो बरोबर पन्नास वाचतो, जावास्क्रिप्टला दिले तर ती म्हणते हा आकडाच नाही. आणि चुकीचा लाल मेसेज आम्ही पानाच्या सगळ्यात वर दाखवत होतो, बटण सगळ्यात खाली, लहान स्क्रीनवर बटण दाबणाऱ्याला वरचं दिसतच नव्हतं. त्याच्या बाजूने बघा, मराठी ॲप, मराठी फॉर्म, मराठीत आकडा लिहिला आणि काहीच झालं नाही.

दुरुस्ती दोन ओळींची. तपासणीच्या आधी २४०६ ते २४१५ मधल्या प्रत्येक अक्षरातून २३५८ वजा करायचे, की इंग्रजी आकडा मिळतो, आणि मेसेज त्या त्या रकान्याच्या खालीच दाखवायचा. मराठी माणसांनी मराठी शेतकऱ्यांसाठी बनवलेल्या ॲपमध्ये हे पहिल्या दिवसापासून असायला हवं होतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

पण आप्पांचं कोडं सुटलं नव्हतं. त्यांची नोंद तर डेटाबेसमध्ये होती, मी पुन्हा नीट शोधली तेव्हा सापडली, जतन झालेली, सगळं बरोबर. फक्त 'यादीत आली' नाही आणि 'गाडी पाठवली' नाही. अशा आणखी किती आहेत बघायला मी एक क्वेरी (डेटाबेसला विचारायचा प्रश्न) लिहिली, जतन झाल्या पण पुढच्या ३६ तासांत गाडी नाही अशा सगळ्या नोंदी, तासाप्रमाणे गट करून. उत्तर आलं, सगळ्या गायब नोंदी १८ ते २३ या तासांतल्या. संध्याकाळी सहा ते रात्री बारा.

आणि इथे आमच्याकडून अन्याय झाला. गटाचं ऑफिस संध्याकाळी साडेसहाला बंद होतं. आम्ही म्हटलं हे तर सरळच आहे, तो मुलगा निघताना जेवढ्या नोंदी दिसतात त्यावरच गाड्या ठरवून ठेवतो, सकाळी यादी नव्याने उघडतच नाही, नंतर आलेल्या तशाच राहतात. मी ते टेबल छापून गटाच्या बैठकीत ठेवलं. मुलगा सांगत होता की दादा मी रोज सकाळी सहाला पूर्ण यादी उघडतो, त्यात ही नावंच नसतात. त्याचं कुणी ऐकलं नाही, कारण त्याच्याकडे तोंडी शब्द होता आणि माझ्याकडे आकडे होते.

त्या बैठकीनंतर दोन दिवसांनी मी आप्पांच्या गावी गेलो होतो, दुसऱ्याच कामाने, म्हटलं भेटून सांगू की कारण सापडलं. मी म्हटलं, आप्पा तुम्ही संध्याकाळी उशिरा नोंद करता म्हणून राहते, थोडी लवकर करत जा. ते म्हणाले, "संध्याकायले कधी? रातले दोन वाजता मोटर चालू करी, बांधवर बठेल व्हतू, तठूनच करं." शेतीच्या पंपाला थ्री फेज लाईट काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री असते, रात्रीची पाळी आली की माणूस बारा-एकला उठून शेतात जातो, मोटार चालू करतो, पाणी बागेत फिरेपर्यंत बसून राहतो. मोकळा वेळ असतो, हातात फोन असतो. तेव्हाच नोंद करणार ना तो.

आमच्याकडे त्यांच्या नोंदीची वेळ रात्री ८:४४, आप्पा म्हणतात रात्री दोन. मी गाडीवर परत येताना वाटेत थांबलो आणि मोबाईलवरच हिशोब केला. २०:४४, त्यात साडेपाच तास मिळवले. पहाटेचे दोन वाजून चौदा मिनिटं. तेच.

सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे शून्य रेखांशाच्या जागतिक वेळेवर, चालत होता. भारताची वेळ ८२.५ अंश रेखांशावर धरलेली आहे, एका अंशाला ४ मिनिटं, म्हणून ३३० मिनिटं, साडेपाच तास पुढे. मी यूटीसीचे तास आपले समजून वाचले होते. आणि त्याच रात्री सगळ्या नोंदींचं टेबल काढलं, फक्त गायब झालेल्यांचं नाही, तेव्हा दिसलं की सगळ्यात जास्त गर्दी म्हणे पहाटे तीन वाजता! पहाटे तीनला कोण एवढ्या नोंदी करेल, ती सकाळची साडेआठची वेळ होती. आधीच सगळ्यांचं टेबल काढलं असतं तर ही गर्दी पहिल्या नजरेत खटकली असती. फक्त बिघडलेल्यांचा आकडा काढणं आणि चांगल्यांचा न काढणं ही या प्रकरणातली माझी सगळ्यात मोठी चूक, कोडमधल्या चुकीपेक्षा मोठी, कारण हिच्यामुळे एका पोराला बोलणी खावी लागली.

त्या पूर्ण टेबलात १८ चा तास अर्धा चांगला अर्धा वाईट होता, १९ ते २३ पूर्ण वाईट, आणि शून्यपासून पुढे सगळं चांगलं. अठराचा तास मिनिटांत फोडला तर रेघ बरोबर १८:३० वर. म्हणजे आपल्या रात्री बारापासून पहाटे साडेपाचपर्यंतच्या नोंदी गायब. आता कारण लपूच शकत नव्हतं. नोंदीवर तारीख टाकताना आम्ही जावास्क्रिप्टच्या आयएसओ स्ट्रिंगची (तारीख आणि वेळ लिहायचा ठरलेला साचा) पहिली दहा अक्षरं घेत होतो, आणि ती स्ट्रिंग कायम यूटीसीत असते. रात्री दोनला, १२ तारखेला केलेल्या नोंदीवर ११ तारीख पडायची. ११ ची यादी तर बारा वाजताच गोळा होऊन बंद झालेली. पुढच्या रात्रीची यादी १२ तारखेच्याच नोंदी उचलायची. ती नोंद दोन्ही याद्यांच्या मधल्या फटीत पडून राहायची, एरर नाही, काही नाही, डेटाबेसमध्ये अगदी शाबूत. यादी गोळा करायचा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) मात्र आम्ही बरोबर १८:३० ला लावला होता, म्हणजे एका ठिकाणी साडेपाच तास लक्षात ठेवले आणि दुसऱ्या ठिकाणी विसरलो.

दुरुस्ती: नोंदीची तारीख भारताच्या वेळेने काढायची, यादी तारखेवर न करता 'अजून कुठल्याच यादीत न आलेल्या सगळ्या नोंदी' अशी करायची, म्हणजे उद्या तारखेत काही गडबड झाली तरी नोंद पुढच्या यादीत येतेच. यातली दुसरी दुरुस्ती मला जास्त महत्त्वाची वाटते. आणि लॉगच्या प्रत्येक वेळेच्या मागे +०५:३० लिहायचं. वेळ साठवा यूटीसीत हवी तर, पण ऑफसेट (यूटीसीपासूनचा फरक) सोबत नसेल तर वाचणारा माणूस आपलंच घड्याळ गृहीत धरतो, मी धरलं तसं.

दुसऱ्या दिवशी गटाच्या ऑफिसात जाऊन सगळ्यांसमोर त्या मुलाची माफी मागितली आणि नवीन टेबल त्याच भिंतीवर लावलं. तो काही बोलला नाही, चहा सांगितला.

बाकी सापडलेल्या गोष्टी थोडक्यात. एनजिनएक्सच्या लॉगमध्ये ४९९ हा कोड दिसला, तो एनजिनएक्सचा स्वतःचा आहे, उत्तर जायच्या आधीच समोरच्याने लाईन सोडली असा अर्थ. रेंज जाऊन तसं व्हायचं, सर्व्हरवर नोंद झालेली असायची, शेतकऱ्याला उत्तर मिळायचं नाही, तो पुन्हा दाबायचा, एका बागेच्या दोन नोंदी आणि एकदा तर दोन आयशर एकाच बांधावर. फॉर्म उघडतानाच फोनमध्ये एक एकमेव किल्ली (फक्त त्या नोंदीची खूण) तयार करून प्रत्येक वेळी तीच पाठवायची, सर्व्हरने तीच किल्ली दुसऱ्यांदा आली तर नवीन नोंद न करता जुनीच परत द्यायची, असं करून ते मिटलं.

एक गोष्ट मात्र घाबरवणारी होती. जुन्या छापील ओळींमध्ये लॉगिनची पूर्ण रिक्वेस्ट छापली जात होती, मोबाईल नंबर आणि ओटीपीसकट. सर्व्हरवर येणारा कुणीही वाचू शकला असता. त्या फाईली पुसल्या, आणि लॉगमध्ये काय जाऊ शकतं त्याची यादी केली, त्या यादीबाहेरचं काही जातच नाही. काय जाऊ नये याची यादी करायला गेलं तर काहीतरी राहतंच. २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शनचा कायदा आहे, पण कायदा नसता तरी माणसाने आपल्याला विश्वासाने दिलेला नंबर असा पडू द्यायचा नसतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलंय, आमचे चौदा दिवस होते, ते वाढवले, आणि सर्व्हरचं घड्याळ एनटीपीने (नेटवरून घड्याळ जुळवायची पद्धत) जुळतंय ना तेही तेव्हाच तपासलं.

विश्लेषणासाठी काय वापरलं असं बरेच जण विचारतात. मोठं काही नाही. इलास्टिकसर्च (लॉग शोधायचं मोठं सॉफ्टवेअर) आमच्या दोन जीबीच्या सर्व्हरवर धड चाललंही नसतं. इव्हेंट पोस्टग्रेसच्याच एका टेबलात, आणि रोज सकाळी चालणाऱ्या दोन क्वेरी. पहिली, किती सेशन्समध्ये बटण दाबलं आणि त्यातली किती जतन झाली, मोजायची सेशन्स, दाबणी नाही, नाहीतर पाच वेळा दाबणारा एकच माणूस पाच दिसतो. दुसरी, जतन झाली पण गाडी नाही अशा नोंदींची नावासकट यादी, ती त्या मुलाच्या स्क्रीनवर सगळ्यात वर लाल रंगात येते, तो स्वतः फोन लावतो.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी ती यादी बघताना आप्पांची ओळ दिसली. जतन ०२:०७ +०५:३०, तारीख त्याच दिवसाची. रात्रीच्या यादीत आली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ७:२० ला 'गाडी पाठवली'. अजून चोपडा तालुक्यातल्याच वैजापूरकडच्या काही पाड्यांतून 'बटण दाबलं' येतं ते सहा-सात तासांनी, माणूस रेंजमध्ये आला की, आणि तोपर्यंत बारा वाजून गेले असले तर नोंद एक दिवस मागे पडते. त्यासाठी नोंद एसएमएसने पण पाठवता येईल का ते सध्या करून बघतोय.